गाडीचा दवाखाना : तारेने बांधलेला चोक

प्रश्न : मी आणि माझे मेहुणे, दोघांनी मिळून ऐंशीच्या दशकातला एक मोटरहोम घेतला आहे. इंजिन शेवरोलेचं ४५४ व्ही-एट, वर रोचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. चोकच्या काळ्या गोल झाकणाला एक वायर येते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की सकाळी भरपूर सेल मारावा लागायचा. इंजिन लागायचं, दोन सेकंद गुरगुरायचं आणि बंद पडायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला धरायचं, पण मग पंधरा-वीस मिनिटं मागून काळा धूर आणि आत पेट्रोलचा वास. एका मिस्त्रींनी चोकची झडप तारेने उघडी बांधून दिली. धूर गेला, पण आता गार इंजिन लागतच नाही. मेहुणे म्हणतात, दर वेळी वरून थोडं पेट्रोल ओतू. चोक नेमकं करतो काय? तो काढूनच टाकावा का?

उत्तर : आधी मेहुण्यांच्या हातातली बाटली काढून घ्या, मग पुढे वाचा.

अशा मोटरहोमचं इंजिन सहसा बॉनेटखाली बाहेर नसतं. दोन पुढच्या सीटच्या मधल्या पेटीत असतं आणि त्या पेटीचं झाकण उघडतं ते तुमच्या बैठकीच्या खोलीत. गार इंजिन कार्ब्युरेटरमधून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्रातून, उलटं फटकतं तेव्हा ज्वाळा वर येते. उमेदवारीच्या दिवसांत मी एका व्हॅनवर हाच उद्योग केला होता. बाटली हातात होती, मान खाली होती. पुढे दीड महिना मला भुवया नव्हत्या. ती व्हॅन रिकामी होती, तुमच्या गाडीत गाद्या आहेत, पडदे आहेत, गॅसवर चालणारा फ्रीज असला तर त्याची बारीक ज्योतही पेटलेली असू शकते. पेटी उघडण्याआधी गॅसची टाकी बंद करा, सगळ्या ज्योती विझल्याची खात्री करा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. इंजिन चालू ठेवून तपासायचं तर गाडी उघड्यावर घ्या, आत कुणाला झोपू देऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

आता चोक. सिलिंडरमध्ये जळते ती पेट्रोलची वाफ, थेंब नव्हे. इंजिन गरम असलं की मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, तापलेल्या भिंती थेंबांची वाफ करून देतात, आणि मग १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल हे प्रमाण हिशेबाने पुरतं. गार इंजिनात तेच पेट्रोल भिंतींना चिकटून ओघळत बसतं. त्यातला हलका भाग तेवढा उडतो. म्हणजे सिलिंडरपर्यंत जळण्याजोगी वाफ पोचवायची असेल तर वाया जाणारं धरून पुष्कळ जास्त पेट्रोल सोडावं लागतं.

दुसरी अडचण ओढीची. स्टार्टरवर इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे जेमतेम फिरतं. एवढ्या मंद हवेला कार्ब्युरेटरच्या गळ्यातून पेट्रोल खेचायची ताकद नसते. म्हणून गळ्याच्या तोंडावर एक झडप लावलेली असते. ती मिटली की वरून हवा येईना, आणि पिस्टनांची सगळी ओढ मुख्य नळीच्या तोंडापर्यंत चढते. जिथून एरवी काही आलं नसतं तिथून पेट्रोल यायला लागतं. इतकंच. चोक पेट्रोल वाढवतो असं म्हणतात, पण खरं तर तो हवा अडवतो, पेट्रोल आपोआप येतं. तुमच्या क्वाड्राजेटला चार गळे आहेत, चोक फक्त पुढच्या दोघांवर. मागचे दोन मोठे गळे चोक पुरता उघडेपर्यंत एका छोट्या आकड्याने कुलूपबंद असतात. हे कुलूप लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

ही झडप मिटते कशाने? त्या काळ्या झाकणाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पट्टी आहे. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, उष्णतेने एक जास्त वाढते, दुसरी कमी. म्हणून गारव्यात ती आवळली जाते आणि झडप मिटवते, तापली की सैल पडते. पण गंमत अशी, की ती झडपेला आपल्या मनाने मिटवू शकत नाही. रेसचा एक स्क्रू पायऱ्या असलेल्या चकतीवर टेकलेला असतो आणि ती चकती चोकला जोडलेली असते. स्क्रू टेकलेला असेतो चकती अडते, चकती अडली की झडपही अडते. म्हणून गार इंजिन लावण्याआधी पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडायचं. स्क्रू उचलला जातो, झडप टप्कन मिटते, चकती फिरते आणि स्क्रू तिच्या उंच पायरीवर येऊन बसतो. त्या पायरीमुळे गार इंजिनाला थोडी जादा रेस मिळते. दाबताना पंपाची एक पिचकारीही गळ्यात उडते, ती बोनस. एकदाच दाबायचं बरं का. दहा वेळा दाबणारे लोक दहा पिचकाऱ्या मारतात आणि मग चोकच्या नावाने बोटं मोडतात.

इंजिन लागल्या क्षणी सगळं उलटतं. आता पिस्टन जोरात ओढतायत, झडप पूर्ण मिटलेली राहिली तर दोन सेकंदांत पेट्रोलात बुडून इंजिन मरणार. म्हणून दोन गोष्टी केलेल्या असतात. झडपेचा दांडा मुद्दाम मधोमध न बसवता एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे आत शिरणारी हवाच तिला थोडी ढकलून उघडते. आणि बाजूला रबरी पडद्याची एक डबी असते, तिला पुल-ऑफ म्हणतात. मॅनिफोल्डची ओढ तिच्यात पोचली की ती आकडा खेचून झडपेत थोडीशी फट पाडते. ढोबळ अंदाज म्हणून पाच-सहा मिलिमीटर धरा. नेमका आकडा तुमच्या कार्ब्युरेटरच्या नंबरावर ठरतो. ही फट आम्ही ड्रिल बिटचा दांडा घालून मोजायचो.

त्यापुढचं काम उष्णतेचं. पट्टी तापत जाते, झडप हळूहळू उभी राहते. आणि इथेच लोकांची समजूत चुकते. चोकला इंजिन गरम झालं की नाही हे मुळीच कळत नाही. त्याला कळतं ते फक्त स्वतःची पट्टी किती तापली. ती तापवायचे तीन मार्ग जुन्या गाड्यांत दिसतात. काहींत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून गरम हवा एका बारीक नळीतून झाकणात ओढून घेतात. नळी गंजून फुटली की गार हवा आत जाते आणि चोक उघडायला तास लावतो. काहींत पट्टी कार्ब्युरेटरवर नसतेच, खाली मॅनिफोल्डच्या खळग्यात बसवलेली असते आणि एक सळई वर येते. त्या खळग्याखालून जाणारी धुराची वाट काजळीने बुजली की पट्टी गारच. तिसरा प्रकार तुमचा. वायरमधून १२ व्होल्ट येतात, झाकणातला हीटर तापतो आणि पट्टी सोडते. इंजिन गरम असो, गार असो, चोक वायरीकडे बघून चालतो.

आता तुमच्या पत्रात मला एक नव्हे, तीन तक्रारी दिसतात. मिस्त्रींनी त्या तिघींना एकाच तारेने बांधलं.

भरपूर सेल मारावा लागणं हा चोकचा गुन्हा बहुधा नाहीच. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठवणारी एक वाटी असते, क्वाड्राजेटच्या त्या लहानशा वाटीतलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत उडून जातं. काही जुन्या नगांत वाटीच्या तळाची बुचं झिरपतात, मग ती आणखी लवकर रिकामी होते. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर उतरवा, गळ्यात टॉर्चचा उजेड टाका आणि रेसचा दांडा हाताने हलवा. पेट्रोलच्या दोन बारीक धारा दिसल्या तर वाटीत माल आहे. नसतील तर पेट्रोल पंपाने टाकीतून वाटी भरेपर्यंत जगातला कुठलाही चोक तुम्हाला मदत करणार नाही. दहा-दहा सेकंद सेल मारा, मध्ये स्टार्टरला मिनिटभर दम घेऊ द्या.

लागून दोन सेकंदांत मरणं आणि सोबत काळा धूर, ही खूण पुल-ऑफची. त्याची नळी काढा, आकडा बोटाने पूर्ण आत दाबा, डबीच्या उघड्या तोंडावर दुसरं बोट घट्ट धरा आणि आकडा सोडा. तो जागीच राहिला तर पडदा शाबूत. हळूहळू बाहेर सरकला तर पडदा फाटलाय, डबी बदला. नळीही बघून घ्या, कारण पेटीतल्या उकाड्यात रबर पापडासारखं कडक होऊन तडकतं. क्वाड्राजेटवर बऱ्याचदा अशा दोन डब्या असतात, मागची लपलेली असते. दोन्ही तपासा.

आणि पंधरा-वीस मिनिटं धूर, म्हणजे पट्टी तापतच नाही. नीट चालणारा विजेचा चोक साधारण तीन ते पाच मिनिटांत उभा राहायला हवा. इंजिन चालू असताना वायरीच्या टोकाला मीटर लावा. चालू असताना, कारण शेवरोलेत हा प्रवाह ऑइल प्रेशरच्या स्विचमार्गे दिलेला असतो, नुसती किल्ली फिरवून तिथे काही मिळेलच असं नाही. नाहीतर किल्ली चालू आणि इंजिन बंद अशा अवस्थेत हीटर उगाच तापून चोक उघडला असता. बारा-साडेबाराच्या वर व्होल्ट दिसले तर वायर ठीक. काहीच नसेल तर फ्यूज, मग तो स्विच. कुणी सोय म्हणून ही वायर इग्निशन कॉइलवर जोडली असेल तर ताबडतोब काढा, ती कॉइलचा घास पळवते. आणि फोर्डवाल्या वाचकांनी मीटरला सात व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नये. त्यांच्या बऱ्याच गाड्यांत चोकची वायर अल्टरनेटरच्या स्टेटरवरून येते, तिथे तेवढेच असतात.

व्होल्ट आहेत आणि तरी चोक गार, असं झालं तर माझी एक लाज सांगतो. मी एकदा अशाच कार्ब्युरेटरचं काम केलं. सगळं धुतलं, पुसलं, आणि विजेच्या चोकच्या झाकणाखाली कागदाचं सुंदर गॅस्केट कापून बसवलं. आधीच्या माणसाने विसरलेलं दिसतंय, असं मनात म्हणत. त्यानंतर तो चोक उघडेना. दोन दिवस वायरी तपासल्या, नवा हीटर आणला, तोही गार. तिसऱ्या दिवशी आमचे वस्ताद आले, झाकण काढलं, माझं गॅस्केट दोन बोटांत धरून उंच केलं आणि एक शब्द न बोलता कचऱ्यात टाकलं. त्या हीटरची अर्थिंग झाकणाच्या मागच्या पत्र्यातून थेट डबीला मिळते. मी मध्ये कागद घालून सर्किटच तोडलं होतं. आधीचा माणूस काही विसरला नव्हता. तुमच्याही झाकणाखाली कुणी असा शहाणपणा केलाय का, बघा.

आता तार सोडा. चोक काढू नका, बांधू नका. तो मिटूच दिला नाही तर गार इंजिन लागणार नाही हे तुम्ही पाहिलंतच. उलट तो मिटलेला अडकला तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ साय धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. पंधरा-वीस मिनिटांचा तो धूर तुम्ही किती सकाळी काढलात मला माहीत नाही. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदला, प्लगही काढून बघा, काळे भुकटीदार असतील. आणि ते मघाचं कुलूप : चोक पूर्ण उभा राहिला नाही तर मागचे दोन गळे उघडतच नाहीत. सपाटीवर कळत नाही, चढावर मोटरहोम बैलासारखा बसतो आणि लोक इंजिन उतरवायच्या गोष्टी करू लागतात.

झडपेच्या दांड्याची दोन्ही टोकं कार्ब्युरेटर क्लीनरने धुवा आणि बोटाने हलवून बघा, स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे. तेल घालू नका, तेलावर धूळ बसते आणि वर्षभरात तिची खळ होते. एअर फिल्टरची चाकी पान्याने आवळू नका. क्वाड्राजेटचं वरचं झाकण त्याने वाकतं आणि झडप घासायला लागते. फिल्टर काढल्यावर चोक सुटा आणि बसवल्यावर अडकलेला, असं असेल तर दोषी ती चाकी, नाहीतर खालचं जाड गॅस्केट.

चोकच्या काळ्या झाकणावरच्या खुणा फिरवून मिश्रण जुळवायचा मोह सगळ्यांत शेवटी. आधी वरचं सगळं. नंतरही गरज वाटली तर एका वेळी एकच रेघ, आणि पुढची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं.

प्रश्न : ऑटोमॅटिक चोक काढून डॅशबोर्डवर ओढायची केबल लावली तर?

उत्तर : लावता येते, तयार संच मिळतात, आणि ज्याला गाडीचा आवाज ऐकायची सवय आहे त्याच्या हातात ती उत्तम चालते. माझी हरकत माणसाच्या विसरण्याला आहे. मोटरहोममध्ये निघतानाच्या पहिल्या दहा मिनिटांत कपाटाची दारं आपटतात, मागून कुणीतरी हाका मारतं, आणि चोक ओढलेलाच राहतो. केबल लावायचीच तर लावा, पण बटणासोबत दिवा लावा. पुल-ऑफची डबी मात्र जागेवर राहू द्या. केबलवाल्या बऱ्याच गाड्यांत ती काढून टाकलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : आमच्या मोटरहोममधला जनरेटर चोक अर्धा दिला की छान चालतो, चोक सोडला की गचके खाऊन बंद पडतो. चोकची स्प्रिंग बदलावी का?

उत्तर : नको. चोक इथे साक्षीदार आहे, आरोपी नाही. हवा अडवल्यावर इंजिन सुधारतं याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडतंय. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या जनरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात चिकटा धरतं. वाटी उतरवा, जेट काढून उजेडाकडे धरा, गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. क्लीनर आणि दाबाची हवा वापरा. सुई घालून भोक मोठं करू नका, ते भोक हेच माप आहे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट हवा चोरत असलं तरी हीच लक्षणं दिसतात, तेही बघा. यापुढे गाडी महिन्याहून जास्त उभी करणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून जनरेटर वाटी रिकामी होईपर्यंत चालवा.

प्रश्न : पेट्रोल भरायला दहा-पंधरा मिनिटं थांबलो की गरम इंजिन लागत नाही. चोक मिटत असेल का?

उत्तर : हात लावण्याआधी नुसतं बघा. फिल्टर काढल्यावर झडप सरळ उभी असेल तर चोक निर्दोष. बंद पेटीत इंजिनाची धग वर येते, वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं आणि मॅनिफोल्ड वाफेने भरतो. पेडल पंप करू नका. ते सावकाश तळापर्यंत दाबा, तसंच धरून ठेवा आणि सेल मारा. त्यामुळे भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. चोक मिटलेला असला तरी पेडल तळाला गेल्यावर एक दांडा त्याला जबरदस्तीने थोडा उघडतो, तो याचसाठी बसवलेला असतो. इंजिन धरलं की पाय काढा.

आणि झडप मिटलेलीच दिसली, तर वरच्या उत्तरातली विजेची तपासणी तुमच्यासाठीही तीच. गॅस्केटसकट.